राजम्याची रोटी

"आता डावीकडे," ओतार म्हणाला आणि उजवीकडे वळला. लामाराच्या मनात पाल चुकचुकली.

बातुमी शहराजवळच्या मतिरालाच्या रानात पाऊस थांबत नाही, फक्त जाड-बारीक होतो. शेवाळलेल्या झाडांतून, कमरेएवढ्या नेच्यांतून आपला तंबू शोधत चौघं चालली होती: पुढे ओतार, मागे त्याची बायको लामारा, तिचा हात धरून चिमुरडी केती, आणि शेवटी सासूबाई गुलिको.

"घराखाली समुद्र असताना माणसं इथे चिखल तुडवायला येतात," सासूबाई म्हणाल्या. हे त्या सकाळपासून म्हणत होत्या.

तेवढ्यात धुक्यात हिरवा तंबू दिसला.

"बघा! म्हटलं नव्हतं?" ओतार ओरडला.

सगळी आत घुसली. ओतारने कोरडे मोजे शोधून पायांत चढवले. सासूबाईंनी डबा उघडला, रोटीचा घास घेतला आणि थबकल्या.

"लामारा, आज पहिल्यांदा रोटी जमली हो तुला!"

लामाराने रोटीकडे पाहिलं. आत राजमा होता. तिने तर सकाळी चीज भरलं होतं.

त्या उन्हाळ्यात बातुमीच्या बाजारात सगळे तंबू हिरवेच आले होते. सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही.

"इतकी वर्षं कुठे लपवली होतीस गं ही चव?" सासूबाई म्हणाल्या, आणि ते तोंड आपोआप मिटलं.

"आई, ही उशी आपली नाही—" केतीला चिमटा बसला.

मग लामाराला धड बसवेना. फांदीवरून थेंब पडला तरी तिला पावलं ऐकू येत.

"निघू या का? समुद्रावर जाऊ."

"आत्ता कुठे पाय गरम होतायत," ओतार म्हणाला.

"अजून एक दे," सासूबाई म्हणाल्या.

आणि खरोखरच पावलं वाजली. तंबूचा पडदा उचलून एक दाढीवाला आत डोकावला, चिंब भिजलेला. मागे त्याची तरुण बायको.

"ओ महाशय!" ओतार गरजला. "परक्याच्या तंबूत असं न विचारता डोकावतात होय?"

"माफ करा हं, चुकलं," म्हणत तो बिचारा पुन्हा पावसात निघाला.

आता मात्र लामाराला राहवेना. "अहो, थांबा! तंबू तुमचाच आहे. रोटीसुद्धा!"

ओतार मुकाट्याने मोजे काढू लागला.

"अरे देवा, पाहुणे आत आणि आम्ही बाहेर!" दाढीवाला म्हणाला. "बसा, बसा, वाइन काढतो."

सासूबाईंनी लामाराकडे पाहिलं. "तरीच!"

तरुण बाई रिकाम्या होत आलेल्या डब्याकडे बघत होती. "खरंच आवडली? आमच्या सासूबाई तर म्हणतात, मला स्वयंपाकातलं काही कळत नाही."

"त्यांना काय कळतंय, बाळ!" सासूबाई फणकारल्या. "काही सासवांच्या जिभेला चवच नसते."

लामाराला हसू आवरेना. तिने घाईघाईने शेवटचा तुकडा तोंडात कोंबला.

मीठ जरा जास्तच होतं.