उकंडरावांच्या नावचं घोरणं

“सारी हवा डोयात जाऊन राह्यली, नाकात कवडीची नाही,” अन्नपूर्णाबाई मास्कच्या आतून पुटपुटल्या. पहाट झाली होती. उशाशी यंत्र इमानाने हवा सोडत होतं आणि ती हवा मास्कच्या कडेने शीळ घालत बाहेर पडत होती. शेजारी उकंडराव गाढ झोपले होते. कागदोपत्री रुग्ण तेच होते.

झालं होतं ते असं. अन्नपूर्णाबाईंचं घोरणं मेहकरातल्या त्यांच्या गल्लीत टोकापर्यंत ऐकू जाई. मध्येच ते थांबे. त्याबरोबर श्वासही थांबे, आणि विहिरीच्या तळातून वर आल्यासारख्या बाई दचकून उठत. मग दिवसभर बसल्या जागी डुलक्या. एकदा भाकर टाकताना डोळा लागला आणि हात तव्यावर टेकला. तेव्हा कुठे तपासणीचा प्रस्ताव घरापुढे आला. सासूबाई कलाबाई यांनी त्यावर हरकत नोंदवली.

“डॉक्टरले काय सांगशीन, बायको घोरते म्हणून?” त्या लेकाला म्हणाल्या. “पोरगी लग्नाची हाये. मायच अशी घोरते म्हटलं तर वैष्णवीले कोण करीन?”

हरकत ग्राह्य धरण्यात आली. घरात एक पुरुष उपलब्ध होता, आणि पुरुषाच्या घोरण्याला समाजाची पूर्वापार मान्यता आहे. सबब नोंदणी उकंडरावांच्या नावे झाली. तपासणीचं यंत्र रात्रभर बाईंनी बांधलं, अहवाल उकंडरावांचा आला, आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं यंत्रही त्यांच्याच नावे आलं. मास्कचं माप अर्थातच रुग्णाचं घेतलं. उकंडरावांचं तोंड सुपाएवढं, बाईंचं वाटीएवढं.

मास्कमधून हवेची रोज किती गळती होते, ते हे यंत्र कंपनीला आपोआप कळवत असे. गळती हाताबाहेर गेली तसा कंपनीने प्रेम नावाचा तंत्रज्ञ घरी पाठवला. त्याने उकंडरावांना दिवाणावर आडवं केलं, मास्क लावला, यंत्र सुरू केलं. गळती शून्य.

“डाव्या कुशीवर व्हा, काका.”

शून्य.

“मंग रात्रीच काय होते बुवा?” प्रेम डोकं खाजवू लागला. “तोंड धुऊन झोपता ना? तेलकट कातडीवर रबर सरकते. मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धूत जा. आन् पट्टे लई आवळू नका, आवळले की उलट जास्त गळते.”

“मी तं आवळतच नाही,” उकंडराव म्हणाले. ते शंभर टक्के खरं होतं.

दाराआड उभ्या अन्नपूर्णाबाईंनी नाकावरच्या लाल वळावर पदर ओढला. “बाबू, लहान तोंडाचा मास्क भेटते का?”

“भेटते ना काकू. पण काकाले बसणार नाही. आन् कंपनी रुग्णाच्या मापाचाच देते.”

त्यानंतर कंपनीचा संदेश आला. “प्रिय उकंडराव, मिशीमुळे गळती संभवते. कृपया सहकार्य करावे.” उकंडरावांची मिशी बाजारपेठेत प्रसिद्ध होती. त्यांच्या दुकानाची उधारी थकवणारे तिला घाबरत. तरी त्यांनी ती उतरवली. आरशात एक वेळ पाहिलं आणि आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. मिशी गेली म्हणजे बाप गेला, एवढा हिशेब आपल्याकडे कुणालाही येतो. वडील पुंजाजी ओट्यावरच बसलेले असत. स्वतःच्या सांत्वनाला आलेल्यांना त्यांनी स्वतः चहा पाजला. “एवढ्या दुरून आले, तर बसा थोडं,” ते म्हणत. कलाबाईंच्या कपाळावरचं कुंकू पाहून बायका आपसात कुजबुजल्या. शेवटी उकंडरावांना दुकानाबाहेर पाटी लावावी लागली, की वडील सुखरूप असून मिशी श्वासाच्या आजारासाठी काढलेली आहे.

गळती होती तेवढीच राहिली.

“तुले आता तरी झोप लागीन वाटलं होतं,” बोडक्या ओठावरून बोट फिरवत ते बायकोला म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

“मिशी तुमची, तोंड माह्यं. कसं थांबीन? सांगून टाका ना त्याईले. एखांद्या दिवशी माहा श्वास गेला तो गेलाच.”

“वैष्णवीचं जमू दे,” उकंडराव हळू आवाजात म्हणाले. बाईंनी मास्क पुसून ठेवला.

पाटीचा मात्र उपयोग झाला. आजारासाठी मिशी देणारा माणूस कंपनीला हवाच होता. तिने तालुक्यातल्या रुग्णांचा मेळावा घेतला आणि उकंडरावांना ‘जागरूक रुग्ण’ जाहीर केलं. सूत्रसंचालक म्हणाले, “आपल्या तालुक्यातले सर्व नोंदणीकृत रुग्ण पुरुष आहेत. एकाही भगिनीला हा विकार नाही, ही अभिमानाची बाब आहे.” टाळ्या झाल्या. रुग्ण पुढच्या रांगांत ताजेतवाने बसले होते. मागे त्यांच्या बायका होत्या. डोळ्यांखाली काळं, नाकावर लाल वळ.

नारळ-शाल घेऊन उकंडराव मास्क कसा लावावा यावर बोलू लागले, आणि सभागृहात घरघर सुरू झाली.

“माइकवाले, जरा बघा,” सूत्रसंचालक म्हणाले. माइक बंद केला. घरघर चालूच. पंखे बंद केले. चालूच. पुढच्या रांगेतले रुग्ण एकमेकांकडे पाहू लागले. सगळे टक्क जागे होते. मागच्या रांगेत कलाबाई शेजारी बसलेल्या सुनेला कोपराने ढोसत समोर बघत राहिल्या.

मग घरघर एकदम थांबली.

“झालं दुरुस्त,” सूत्रसंचालक म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

उकंडरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय बंद पडलंय ते या सभागृहात त्यांनाच ठाऊक होतं. शाल तिथेच पडली आणि ते खुर्च्यांमधून मागे धावले. “अन्नपूर्णे... अवो अन्नपूर्णे.”

खांदा हलवल्यावर बाईंनी छाती भरून श्वास ओढला आणि डोळे उघडले. सगळं सभागृह वळून बघत होतं.

“माइक होता, माइक,” कलाबाई घाईने सर्वांना सांगू लागल्या. “जुना असन.”

अन्नपूर्णाबाई उठल्या. नाकावरचा पदर त्यांनी खाली घेतला.

“माइक चांगला हाये, भाऊ. घोरते मी. मले माह्या मापाचा मास्क द्या.” मग त्यांनी पुढच्या रांगांकडे पाहिलं, आणि मागच्याही. “आन् मी काही एकटी नसन. घरी गेल्यावर ज्यानं त्यानं पाहून घ्या, आपल्या घरचं घोरणं कोणाच्या नावावर हाये ते.”