काजळ्याचा नाल

"अहो, ह्याचा नाल पुन्हा गेला!" कोकिळाबाई गोठ्यातून ओरडल्या.

ओसरीवर चहा पीत बसलेले किसनराव दचकले. "कोणत्या पायाचा?"

"मागच्या डाव्या. काल तर उकंडा नालबंदानं ठोकून देल्ला होता! माणसाच्या पायात चप्पल टिकते, ह्याच्या पायात लोखंड टिकून नाही राह्यलं."

कोकिळाबाईंनी लुगड्याचा काचा मारला होता, पायांत नातीचे, सुरभीचे, बूट चढवले होते. घोड्यावर बसायची सगळी तयारी झाली होती. फक्त घोडा लंगडत होता.

कळंबला माहेरी होत्या तेव्हा कोकिळाबाई कपाशीची वाळलेली पराटी दोन पायांत धरून गावभर टपटप हिंडायच्या. शेपटी म्हणून पराटीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. चिंतामणीच्या जत्रेत बाकीच्या पोरी बांगड्या मागत, ही घोडा मागे. "सासरी गेल्यावर घेजो," असं म्हणून बापानं वेळ मारून नेली. पुढे लग्नात किसनराव काळ्याभोर घोडीवर बसून आले. कोकिळाबाईंनी आधी घोडी पाहिली, मग नवरा. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "घोडी कुठी बांधली?"

घोडी भाड्याची होती. हे दुःख पुढची सारी वर्षं त्यांनी जपून ठेवलं आणि किसनरावांनी भाजीला नावं ठेवली की बाहेर काढलं.

मग यंदा दारात ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा मोकळा झाला. किसनराव कोणाला न सांगता माळेगावच्या जत्रेला गेले आणि चार दिवस इकडेतिकडे काढून घोडा घेऊन आले. काळा कुळकुळीत. कोकिळाबाईंनी त्याला ओवाळलं, गूळ भरवला, नाव ठेवलं काजळ्या. आता त्यांची एकच इच्छा उरली होती. घोड्यावर बसून, गावाच्या मधून, सगळ्यांच्या देखत वावरापर्यंत जायचं.

पण काळ्या घोड्याचा आपोआप पडलेला नाल चौकटीवर ठोकला की शनी दारातूनच माघारी फिरतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहिला नाल खरोखरच आपोआप पडला. तो शेजारच्या मारोतरावांना सापडला. त्यांच्या पुतण्याला, कपिलला, शेती करतो म्हणून कोणी पोरगी देत नव्हतं. नाल दारावर चढला आणि आठवडा संपायच्या आत कपिलची सोयरीक जमली.

तेव्हापासून काजळ्याला चालणं मुश्कील झालं. तो बाहेर निघाला की मागे चारसहा माणसं पाकीट हरवल्यासारखी मान खाली घालून चालत. आपोआप पडायला थोडी मदत केली तर शनीची काही हरकत नसावी, असाही एक विचार गावात रुजला. कोणी त्याला मुद्दाम मुरमाड वाटेनं फिरवून आणी. गल्लीतल्या मोतीबाई तर हिरव्या चाऱ्याची पेंढी घेऊन यायच्या आणि तो खात असताना त्याच्या खुरापाशी बसायच्या.

"पाय दाबून देतो गरिबाचे," त्या म्हणायच्या.

"पाय दाबायले पक्कड कायले लागते व मोतीबाई?" कोकिळाबाई विचारायच्या.

दर वेळी उमरखेडहून उकंडा नालबंद मोटारसायकलवर यायचा, नाल ठोकायचा आणि बजावून जायचा, "काकू, बिगर नालाचा डांबरी सडकेवर नेसान नोको. खूर फुटते." आणि वावराला जायची वाट सगळी डांबरी.

घोड्याचे लाड किसनरावही करत. दर आयतवारी गोठ्याचं दार आतून लावून ते त्याला स्वतः आंघोळ घालत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. कोकिळाबाई गल्लीत सांगत, "माह्या डोक्याले कधी तेलाचं बोट नाही लावलं ह्या माणसानं, आन् घोड्याची न्हाणी करून राह्यले!"

शेवटी एका शनिवारी उकंडानं चारही नाल नवे ठोकले. किसनराव सरकीची ढेप आणायला ढाणकीला गेले होते. शनिवार म्हणून कुंपणावर नेहमीची मंडळी येऊन बसलीच होती.

"सुरभे, तुह्या शाम्पूची बाटली आन," कोकिळाबाई म्हणाल्या. "पह्यल्यांदा बसून राह्यली मी. घोडा चकाचक पाह्यजे."

"आजी, आबा रागावतीन."

"रागावू दे. आन."

भर अंगणात आंघोळ सुरू झाली. पहिल्या बादलीला फेस आला. दुसऱ्या बादलीला फेस काळा झाला. तिसऱ्या बादलीला काजळ्याच्या पाठीवरून शाईसारखे ओघळ निघाले आणि खालून एक साधा, तांबूस, लाल मातीच्या रंगाचा घोडा बाहेर आला. त्यानं अंग झाडलं. मारोतरावांच्या पांढऱ्या शर्टवर काळी नक्षी उमटली.

नेमके तेव्हाच किसनराव ढेपेचं पोतं घेऊन स्कूटरवरून दारात उतरले. घोड्याकडे पाहून त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. नखं काळी होती.

"किसनराव!" मारोतराव कुंपणावरून उतरले. "हे काय हो? आता आमच्या कपिलच्या सोयरिकीचं काय? पोरीवाल्यायले समजलं तं?"

"म्हंजे माह्या दारावर लाल घोड्याचा नाल हाये?" मोतीबाई किंचाळल्या. "अन् मी त्याले रोज हळदकुंकू वाह्यलं!"

"घोडा विकून टाका हा! फसवलं सगळ्या गावाले!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

किसनराव बायकोजवळ सरकले. "काळा नाही भेटला व," ते पुटपुटले. "लय फिरलो. तुले काळाच पाह्यजे होता ना... म्हनून मंग केसाचा रंग लावला."

कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पदर खोचून त्या गर्दीकडे वळल्या.

"बोंबलता कायले? घोड्याचा काळा रंग गेला कुठी, हे इचारा ना आधी! तुमच्याच दारावर गेला. एकेक नाल उतरला तसा ह्याच्यातला काळा त्या नालात उतरत गेला. तुमीच ओरबाडून नेला. आता बिचारा लाल पडला, तं बोंब माह्या नवऱ्याच्या नावानं?"

सगळ्यांची नजर घोड्याच्या पायांखाली गेली.

"मंग हे खालचं काळं पानी?" कोणीतरी विचारलं.

"उरलंसुरलं."

मारोतरावांनी शर्टवरच्या डागांकडे पाहिलं, कपिलच्या सोयरिकीचा विचार केला आणि गंभीरपणे मान हलवली. "वयनी बरोबर बोलून राह्यल्या. मले पह्यला नाल सापडला तवा घोडा लय काळा होता. मंग मंग फिका पडत गेला. मी पाह्यलं ना सोता."

"मीबी पाह्यलं," मोतीबाई म्हणाल्या.

"आन् हे आताचे चार नाल?" ज्यांना अजून मिळाला नव्हता त्यांच्यातला एक चाचरत म्हणाला.

"नुसतं लोखंड. पाह्यजे तं काढून न्या."

कोणी हात पुढे केला नाही. नालवाले ताठ मानेनं घरी गेले. बिननालवाले त्यांच्या पाठीकडे जळत्या डोळ्यांनी पाहत राहिले.

कोकिळाबाई ओट्यावर चढल्या, सुरभीनं मागून रेटा दिला आणि त्या एकदाच्या घोड्यावर बसल्या. किसनरावांनी लगाम धरला. गावाच्या मधून, पारावरून, पिठाच्या गिरणीवरून स्वारी निघाली. कोकिळाबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही, पण सगळे पाहत आहेत की नाही एवढं मात्र पाहून घेतलं.

गाव मागे पडल्यावर किसनराव हळूच म्हणाले, "राग आला असन तुले."

"कायचा राग? पोटाखाली हातभर लाल पट्टा रंगवाचा राह्यला होता तुमचा. घोडा दारात आला त्याच दिवशी पाह्यलं मी."

किसनराव सडकेवर थांबले. घोडाही थांबला. "मंग शाम्पू..."

"तुमी ढाणकीले जावाची वाट पाहून राह्यली होती. लोकायच्या देखत धुतल्याशिवाय नाल टिकले असते का?"

"अवं, मंग मले आधीच काहून नाही सांगतलं? दर आयतवारी कंबर मोडून राह्यली होती माही!"

"कशी सांगू?" कोकिळाबाई वरून म्हणाल्या. "दाराच्या फटीतून पाहो मी. तुमी ब्रश घेऊन घोड्याच्या पोटाखाली उकिडवे बसले राहा, अन् तो तुमच्या टोपीचा शेंडा चावत राहे. इतकं मन लावून माह्यासाठी कधी काही केलं होतं का तुमी? चाला आता. वावर दूर हाये."