उजवीकडे घट्ट

ज्या माणसाच्या हाताखालून एकवीस वर्षांत एकही सैल झाकण कारखान्याबाहेर गेलं नाही, त्याला एक सायकल जोडता येणार नाही? असा सवाल तपासनीसांनी शुक्रवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना केला आणि उत्तराची वाट न बघता कात्री घेऊन खोक्यासमोर मांडी ठोकली.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात झाकणं नीट बसली आहेत की नाहीत हे बघणं, ही त्यांची नोकरी. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, तपासनीस मधूनच एखादी उचलायचे, झाकण उजवीकडे पिळायचे आणि ते जागचं हललं नाही की पेटीवर ‘तपासले’ अशी चिठ्ठी डकवायचे. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की घरातला नळ असो, डबा असो की शाईची बाटली, दिसली वस्तू की त्यांचा हात उजवीकडे वळलाच! त्यांच्या घरातला तेलाचा डबा उघडायचा तर बायकोला शेजारच्या व्यायामपटूला हाक मारावी लागे.

खोक्यात होती रेसची सायकल. बाजारातल्या रेसच्या सायकलींमधली सगळ्यात स्वस्त, त्यामुळे ती अर्धीमुर्धी जोडलेली आणि उरलेली तुमची तुम्ही जोडा अशा अवस्थेत घरी आली होती. आणली होती लेकीसाठी. आठ महिने पोरगी मैत्रिणीच्या सायकलवर सराव करत होती. रविवारी सकाळी साडेआठला संघाची निवड होती, आणि नेमकी मैत्रीणही त्याच निवडीत उतरणार असल्याने तिची सायकल मिळणार नव्हती. शर्यत पाण्याच्या टाकीपासून सुरू होऊन टाकीच्या उतारावरून खाली यायची. तो उतार असा, की पायी उतरणारा माणूससुद्धा देवाचं नाव घेऊन उतरे.

“कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे टाका ती, जावईबापू,” नाना म्हणाले. नाना म्हणजे सासरे. पाणीखात्यात चाळीस वर्षं नळ आवळून निवृत्त झालेले. जावयाच्या हस्तकौशल्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासूनच पक्कं होतं. जावयाने ठोकलेल्या फळीवर आजवर एकदाच पुस्तकं ठेवली गेली होती, आणि ती नानांच्या पायावर पडली होती.

तपासनीसांना ते बोलणं झोंबलं. आता तर मिस्त्रीची सावलीसुद्धा या सायकलवर पडू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शनिवारी सकाळी व्हरांड्यात काम सुरू झालं. खोक्यातून सांगाडा निघाला, चाकं निघाली, आणि पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्यावर आधीच बसवलेला ब्रेक निघाला. त्या ब्रेकवर एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर शिक्का, त्याखाली कुणाची तरी वळणदार सही. तपासनीसांचा ऊर भरून आला. दूर कुठल्या तरी कारखान्यात आपल्यासारखाच एक जण बसतो, एकेक नग बघतो, सही करतो, हे बघून त्यांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

“नुसता हलवून तरी बघा,” बायको कामाला निघता निघता म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि सायकलवरून पडलेली माणसं तिने पोत्याने बघितली होती.

“एका तपासनीसाने तपासलेलं दुसऱ्याने तपासायचं नसतं,” तपासनीस गंभीरपणे म्हणाले. “तो अविश्वास होतो.”

तर ब्रेकला त्यांनी बोटही लावलं नाही.

मग आली पायडलं. उजवं पायडल दोन मिनिटांत बसलं. डावं मात्र लग्नात रुसलेल्या मामासारखं आडून बसलं. तासभर तपासनीस ते उजवीकडे पिळत होते आणि ते आत शिरायला तयार नव्हतं. शेवटी घामाघूम होऊन ते चहा प्यायला आत गेले. तेवढ्यात लेक सरावाहून आली. तिने खोक्याच्या तळाशी पडलेला सूचनांचा कागद उचलून वाचला, पायडल बसवलं, आवळलं आणि आंघोळीला गेली. तपासनीस परत येऊन बघतात तर पायडल जागेवर! शेवटच्या पिळ्याला बसलं असणार आणि आपल्याच लक्षात आलं नसणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. सूचनांचा कागद त्यांनी हात पुसायला घेतला.

उरलं हँडल. सायकल खोक्यात मावावी म्हणून कारखान्याने चिमटा मागे वळवून ठेवला होता, त्यामुळे ब्रेक आणि त्याच्यावरची चिठ्ठी सीटच्या बाजूला आली होती. तपासनीसांनी थोडा विचार केला. चिठ्ठी ही वाचण्यासाठी असते. वाचणारा सीटवर बसतो. म्हणजे चिठ्ठी त्याला दिसेल हीच बाजू बरोबर! आणि चिमटा तसाच ठेवून त्यांनी वर हँडल आवळून टाकलं. मग दांड्यावर स्वतःची ‘तपासले’ चिठ्ठी डकवली, सायकल उजव्या अंगाने भिंतीला टेकवली, वर चादर घातली आणि जाहीर केलं की उद्या सकाळपर्यंत कुणी बघायचं नाही. लेक बिचारी हो म्हणाली.

चादर मात्र तोकडी होती. डावं पायडल तेवढं बाहेर राहिलं.

दुपारी सगळे आडवे झालेले बघून तपासनीस पाना घेऊन हळूच व्हरांड्यात आले. खात्रीसाठी एकदा पायडल उजवीकडे पिळलं, तर ते फिरलं की! म्हणजे सैलच राहिलं होतं. बरं झालं बघितलं, असं म्हणून त्यांनी तीन-चार वेढे दिले. अजून फिरतच होतं, पण आतून नानांचा खोकला ऐकू आला आणि तपासनीस पाना तिथेच टाकून वर्तमानपत्रामागे गेले.

नाना बाहेर आले ते याच कामासाठी. जावयावर त्यांचा विश्वास नव्हता आणि नातीवर जीव होता. त्यांनी पाना लावला, उजवीकडे पिळला, पायडल सहज फिरलं. तरी मी म्हणतच होतो, असं पुटपुटत त्यांनीही तीन वेढे दिले. तेवढ्यात फाटक वाजलं. लेकीची आई कामावरून आली होती. नानांनी पाना कुंडीमागे ठेवला आणि झाडाची पानं बघायला लागले.

बाईंना त्या दोघांपैकी कुणाचाच भरवसा नव्हता. नाना आत गेल्यावर त्यांनी कुंडीमागचा पाना बरोबर शोधला. ऑक्सिजनच्या नळकांड्यांची तोंडं त्यांनी आयुष्यभर उजवीकडेच आवळली होती. पायडल फिरल्यावर त्यांच्या काळजात चर्र झालं. पोरीचा पाय याच्यावर असणार होता! त्यांनीही दोन वेढे दिले आणि लेकीची चाहूल लागताच पदर सावरत आत गेल्या. एकमेकांना कुणी काही बोललं नाही. तिघेही त्या दिवशी शांत झोपले.

रविवारी सहा वाजता चादर निघाली. लेक शिरस्त्राण घालून तयार होती, पण तपासनीसांनी हात वर करून तिला थांबवलं. पहिली चाचणी तपासणाऱ्याचीच, असा कारखान्याचा नियम होता. ते सीटवर बसले, उजवा पाय मारला, चिठ्ठीकडे एकदा अभिमानाने बघितलं आणि डावा पाय मारला.

डावं पायडल टण्णकन फरशीवर पडलं. त्यामागोमाग तपासनीस पडले. वेग गोगलगायीइतका असल्याने कुंड्यांच्या रांगेवर निभावलं, पण गुडघा सोलला आणि दोन कुंड्या फुटल्या.

सगळे एकदम बोलायला लागले. पायडल कुणी सोडवलं, असं तपासनीसांनी कुंड्यांमधूनच विचारलं. आपण तर उलट आवळलं, असं नाना म्हणाले. आपणही आवळलं, असं बाई म्हणाल्या. तिघांनी आवळलेलं पायडल पडतं म्हणजे मालच भिकार, यावर तिघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

“कुठल्या बाजूला आवळलंत?” लेकीने विचारलं.

तीन हात वर झाले आणि हवेतच उजवीकडे पिळले गेले.

लेक मटकन पायरीवर बसली. “बाबा, डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. ते डावीकडे घट्ट होतं. कागदावर लिहिलं होतं.” “मी आठ महिने घासलेत, बाबा.”

तपासनीसांच्या गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. अडीच तास उरले होते. स्वाभिमान, नाना, फळी, सगळं बाजूला ठेवून त्यांनी सायकल उचलली आणि लंगडत कोपऱ्यावर धावले. मागून नाना पायडल घेऊन, त्यांच्या मागून बाई औषधाची पेटी घेऊन, आणि सगळ्यात मागे लेक.

सायकलवाला दुकानाच्या माळ्यावरच राहायचा. तो तोंडात ब्रश घेऊन खाली आला. त्याने आटे बघितले, शाबूत होते. पायडल डावीकडे फिरवून दोन मिनिटांत बसवलं. तपासनीसांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आता निघतो म्हणाले.

पण सायकलवाल्याने सायकल सोडली नाही. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं आणि तोंडातला ब्रश काढला.

“साहेब, हा चिमटा उलटा कुणी बसवला?”

तपासनीसांनी चिठ्ठीबद्दल सांगायला सुरुवात केली. सायकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि दोन बोटांनी तो ब्रेक नुसता हलवला. ब्रेक चिठ्ठीसकट त्याच्या हातात आला. मागचा नट जेमतेम दोन आट्यांवर अडकला होता. कारखान्यातून तसाच निघाला होता.

“ही कुठे जाणार होती?”

“टाकीच्या उतारावर,” लेक म्हणाली.

सायकलवाल्याने पायडलकडे बघितलं, मग ब्रेककडे, मग तिघा मोठ्यांकडे. “पायडल पडलं म्हणून आलात. ते पडलं नसतं तर आला नसतात.”

तपासनीस फुटपाथच्या कडेला बसले. उतार त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्यावरून हातात सुटा ब्रेक घेऊन येणारी पोरगी. त्यांना धड रडूही येईना. एकवीस वर्षांत असं भ्यायले नव्हते ते. नाना शेजारी येऊन बसले. फळीबद्दल बोलतील असं वाटलं, पण त्यांनी जावयाच्या पाठीवर नुसता हात ठेवला. “मीही ब्रेक नाही हो बघितला,” ते म्हणाले. “चादरीखाली होता.”

सायकलवाल्याने चिमटा सरळ केला, ब्रेक आवळला, तारा ओढून बघितल्या, एकेक नट पारखला. तेवढा वेळ त्याने तिघांना हात खिशात ठेवायला लावले. बाईंना खिसा नव्हता, म्हणून त्यांनी औषधाची पेटी दोन्ही हातांनी धरली.

साडेआठला तपासनीस उताराच्या पायथ्याशी उभे होते. थोड्या वेळाने वळणावरून सायकली सुसाट येऊ लागल्या. पहिल्या चौघी कोण हे त्यांनी बघितलंच नाही. पाचवी त्यांची होती. रेष ओलांडून तिने ब्रेक दाबला, सायकल चुईं करून थांबली, आणि तो आवाज ऐकून तपासनीस परक्या लोकांसमोर हमसून रडले. संघात सहा जणी घ्यायच्या होत्या. पाचव्या नंबरची मुलगी संघात गेली, ही गोष्ट त्यांना दहा मिनिटांनी कळली. नानांना ती दोनदा सांगावी लागली.

घरी आल्यावर बाईंनी त्यांचा गुडघा धुऊन पट्टी बांधली. एकदम व्यवस्थित, दवाखान्यात बांधतात तशी. लेकीने सायकलच्या दांड्यावरची ‘तपासले’ चिठ्ठी सोलून आणली आणि त्या पट्टीवर डकवली. घर पोट धरून हसलं. नाना पुढे वाकून म्हणाले, “गाठ सैल वाटते जरा.” बाईंनी वडिलांचा हात वरच्या वर धरला आणि सगळ्यांना बजावलं की या पट्टीला तीन दिवस कुणीही बोट लावायचं नाही.

सगळे जेवायला आत गेले. तपासनीस एकटेच खुर्चीत राहिले. बायको एवढी शिकलेली नर्स, तिने बांधलेली गाठ, तिच्यावर चिठ्ठी. संशयाला जागाच नव्हती.

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि फक्त खात्रीसाठी गाठ उजवीकडे थोडी ओढून पाहिली.

सुटली.