मशीनशी मराठीत बोलणारे भावजी

आमचे माणकोजीराव भावजी माणसांशी तमिळमध्ये बोलतात आणि बुलडोझरशी मराठीत. माणसांच्या वाट्याला त्यांचे दोनच शब्द येतात. एक ‘सेरि’, म्हणजे ठीक आहे, आणि दुसरा ‘पाप्पोम’, म्हणजे बघू या. बाकीचं सगळं बोलणं ते मशीनसाठी राखून ठेवतात.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन तंजावरला आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. सुरुवातीला मी मोठ्या हौसेने त्यांच्याशी बोलायला जायचे, पण त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्यांचं तंजावरी, ‘सगळं’ला ‘अस्कं’ म्हणणारं, आणि माझं मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं. माझं बोलून संपलं की ते ‘बरं वैनी’ म्हणतात आणि घरात जातात. त्यांची बायको सुंदराबाई होती तेव्हा मात्र त्या घरातून सकाळपासून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या. ती चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी कोइंबतूरला असते.

त्यांचा धंदा समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते. जुन्या बुलडोझरला रबरी चाकं नसतात, लोखंडी चेन असते. ती ताणलेली राहावी म्हणून एक सिलिंडर पुढच्या चाकाला आतून रेटून धरतो, आणि त्या सिलिंडरमध्ये ग्रीस दाबून भरलेलं असतं. सिलिंडरचं सील गेलं की ग्रीस गळतं, चाक मागे सरतं, चेन सैल पडते आणि भर कामात उतरते. पायातली वहाण निसटावी तशी, फक्त ही वहाण उचलायला सात माणसं लागतात. भावजी एवढा एकच सिलिंडर दुरुस्त करतात. शेजारी इंजिन धूर ओकत असलं तरी ते मान वळवत नाहीत.

चेन किती ताणायची, याचं माप त्यांच्या हातात आहे. वर सरळ बांबू आडवा धरायचा, बांबू आणि चेन यांच्या फटीत चार बोटं मावली की झालं. एका शिकलेल्या इंजिनिअरने त्यांना विचारलं होतं, चार बोटं म्हणजे कुणाची? भावजी म्हणाले, माझी.

काम करताना तोंड चालूच. ‘हळू गं बाई’, ‘रुसू नको’, ‘कुठं दुखतंय ते सांग’. कावेरीकाठच्या गावांतल्या ऑपरेटरांना हा दुरुस्तीचाच भाग वाटतो. मुरुगेसन नावाचा एक ऑपरेटर आहे, पक्का तमिळ. तो मशीन चालू करण्याआधी न चुकता ‘हळू गं बाई’ म्हणतो. मी अर्थ विचारला, तर म्हणाला, कंपनीने तसं सांगितलंय.

हा मुरुगेसन काळियम्माच्या मशीनवर असतो. काळियम्मा विधवा बाई, तिच्या नवऱ्याने ही मशीन कधीकाळी लिलावात घेतली होती. मशीन माझ्याहून वयाने मोठी आहे, आणि मी काही लहान नाही. भावजींच्या हाताखालून गेलेल्या बाकीच्या सगळ्या मशिनी एकेक करत भंगारात गेल्या, ही एवढी उरली. मेट्टूर धरणाचं पाणी यायच्या आत कालव्यातला गाळ काढायचा, हे तिचं काम. कालव्याच्या पार शेवटाला आमची दोन एकर आहे, त्यामुळे गाळ कुठवर निघाला ते बघायला मी अधूनमधून जाते.

गेल्या उन्हाळ्यात काळियम्माने भावजींना स्पष्ट सांगितलं, की पाणी यायच्या आत चेन दोनदा उतरली, तर भंगारवाल्याला थेट कालव्यातच बोलावीन. भावजी ‘सेरि’ म्हणाले.

हे ऐकून मुरुगेसन घाबरला. आपल्या हातून चेन उतरू नये म्हणून त्याने गुपचूप जास्तीचं ग्रीस भरून ती तारेसारखी ताणली. इथेच त्याचं चुकलं. चिखलातल्या कामात चेन मुद्दाम सैल ठेवावी लागते, कारण गाळ आत घुसून ती आपोआप ताणली जाते. भावजींनी हे त्याला शंभरदा बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी गाळ घुसला, सील फाटलं आणि चेन उतरली. पाणी यायला आठवडा राहिला होता.

भावजी बस धरून कालव्यावर आले. सगळ्यांना पुढच्या बाजूने हटवलं, कारण आतली स्प्रिंग सुटली तर माणूस उरत नाही. मग झडप एक आटा ढिली केली आणि ग्रीस सावकाश बाहेर येऊ दिलं. मुरुगेसनला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या मापाचं सील आता कुणी बनवत नाही, तेव्हा ते बस धरून शहरात परत आले आणि थेट मृदंग बनवणाऱ्याकडे गेले. मृदंगाच्या वादीसाठी आणलेलं म्हशीचं जाड कातडं त्यांनी गोल कापून घेतलं. कुठल्या विद्वानांचा मृदंग, असं त्याने अदबीने विचारलं. भावजी म्हणाले, पाप्पोम.

कातडं दोन दिवस तेलात मुरलं. ते बसवायच्या दिवशी दुपारी मी कालव्यावर होते. माणसं जेवायला गेली होती. मी मशीनच्या पलीकडच्या सावलीत टेकले, आणि भावजी अलीकडे सिलिंडरशी झटत होते. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

‘सकाळी नळाला पाणी नाही. अंघोळ उशिरा केलों,’ ते सांगत होते. ‘पच्चडी केलों, मीठ जास्त पडलं. पोरीचा फोन आला. नातवाला मराठी अस्कं कळतंय, बोलना मात्र. तुझा फोटो पाहून कोण मणून विचारला. सांगितलों, आजी.’

मी चप्पल हातात घेतली आणि तिथून निघाले. मला लाज वाटली. चार वर्षं मी समोरच्या घरात राहत होते आणि हे सगळं सांगायला माणूस बस धरून कालव्यावर येत होता.

कातडं टिकलं. गाळ वेळेत निघाला आणि पाणी आमच्या दोन एकरांपर्यंत पोचलं. काळियम्मानेही शब्द पाळला. पण लावणी झाल्यावर तिच्या जावयाने नवी मशीन आणली, आणि एके दिवशी जुनी मशीन भंगारात जायला लॉरीवर चढली. मुरुगेसनने भावजींना फोन करून सांगितलं. ते ‘सेरि’ म्हणाले आणि गेले नाहीत.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते, तेव्हा ते रस्ता ओलांडून आले आणि आमच्या पायरीवर बसले. त्यांच्या हातात काही नव्हतं. मी पाणी दिलं. माझं मराठी तर त्यांना नकोच होतं, म्हणून मी आत जायला वळले.

‘वैनी,’ ते म्हणाले, ‘आज वांगी घेतलों. अस्की किडकी निघाली.’

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसले.

‘मग?’ मी म्हटलं.