मधूभाऊंचा पिकअप

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. तिथे मधूभाऊ केळुसकरांची गाडी आली की आतली सगळी माणसं खाली उतरतात, गाडी रिकामी पलीकडे जाते आणि माणसं चालत जाऊन पुन्हा आत बसतात. का? तर गाडीचं पोट रस्त्याला घासतं. का घासतं? तर ह्या गृहस्थांनी चांगली उंच, सुटसुटीत, पाच माणसं आणि दोन पिशव्या मावणारी छोटी गाडी मुद्दाम खाली दाबून घेतली. पदरचे पैसे देऊन! "सस्पेन्शन लो केलंय, शैलाताई. आता कशी रस्त्याला धरून चालते."

मी म्हटलं, "धरून नाही हो, खरवडून चालते."

बरं, हा कोणी विशीतला उडाणटप्पू असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. मधूभाऊ एकसष्ट वर्षांचे आहेत. परळच्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात दोरीला चष्मा. गिरगावातल्या आमच्या लाकडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची नि माझी खोली शेजारी-शेजारी. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला ह्याच गाडीतून घरी आणलं होतं, मागच्या सीटवर आडवी घालून. वाडीतल्या निम्म्या बाळंतिणी त्या करड्या गाडीतून गेल्या आणि आल्या. कधी कोणाला नाही म्हणाले नाहीत, हे मी कबूल करते. म्हणून तर जास्त चीड येते!

दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि महिन्याभरात गाडीच्या पाठीवर पंख उगवला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "स्पॉइलर. वेगात गाडी उडू नये म्हणून." अहो, गिरगाव ते परळ! मध्ये सिग्नल किती, खड्डे किती! चाळीसच्या वर काटा जाताना मी तरी पाहिलेला नाही. ही गाडी उडणार कुठे आणि कशी?

मग टपापासून बॉनेटपर्यंत दोन लाल पट्टे आले. मग रुंद चाकं. मग पुढच्या दोन सीटा काढून शर्यतीच्या गाडीतल्यासारख्या खोलगट सीटा बसवल्या. त्या सीटेत बसून मी दादरला एका लग्नाला गेले. गेले ते ठीक, पण कार्यालयाच्या दारात मला उतरता येईना. शेवटी वधूच्या मामाने एक हात धरला, केटररने दुसरा, आणि पैठणीसकट मला उपसून काढलं. समोर सनईवाले बसले होते, त्यांनी वाजवायचं थांबवून बघितलं. आणि मधूभाऊ? ते शांतपणे म्हणतात, "सीटची ग्रिप बघितलीत ना?"

ह्या माणसाचं एक पेटंट वाक्य आहे. "प्रश्न वेगाचा नाहीच. प्रश्न पिकअपचा आहे." गाडीबद्दल बोलले तर बोलोत बापडे. पण पुतण्याचं लग्न जमत नव्हतं, तर म्हणे, मुलगा चांगला आहे, पिकअप नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गाडगीळकाकांना पायऱ्या चढवेनात, तर त्यांनाही हेच. एकदा लालबागच्या सिग्नलला हवालदाराने गाडी अडवली. खिडकीतून आत डोकावला तर चष्मा, पेन आणि मांडीवर मेथीची जुडी. विचारतो कसा, "काका, मुलाची गाडी आणली काय?" मधूभाऊंनी त्याला पाच मिनिटं पिकअप समजावून सांगितला. त्याने हात जोडून जाऊ दिलं.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण सायलेन्सर!

मी फोर्टात नोकरी करते. पावणेसहाला घरी येते, हातपाय धुते आणि सहा ते साडेसहा डोळे मिटून पडते. दिवसभरातला तेवढा अर्धा तास माझा असतो. आणि बरोबर सहा-दहाला मधूभाऊ यायचे. कचेरीतून यायची त्यांची तीच वेळ होती. रिटायर झाले तरी रोज चारला परळला मित्राच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतात आणि सहा-दहाला परत. गेल्या वर्षी त्यांनी मूळचा सायलेन्सर काढून मनगटाएवढं जाड नळकांडं बसवलं. गाडी वाडीत वळली की लाकडी चाळ पायापासून थरथरायची. माझ्या मांडणीवरची ताटं वाजायची. बरं, आलास ना? मग कर ना बंद! नाही. आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली गाडी लावून तीनदा गुरगुरवायची आणि मगच चावी काढायची. मी रोज ताडकन उठून बसायची!

मी कुंदावहिनींना म्हटलं, "तुम्ही तरी काही बोला त्यांना." वहिनी म्हणजे मधूभाऊंच्या पत्नी. सोन्यासारखी बाई. त्यांच्या घरचा एक नेम मी तीस वर्षं बघत आलेय. नवरा जिन्यात आला की त्यांना चाहूल लागायची, त्या गॅसवर आधण ठेवायच्या. ह्यांनी चपला काढून हात धुतले की चहा समोर. त्यातला अर्धा कप भिंतीपलीकडे मला. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून वेडे झालेत गं. असू दे. गाडीशी खेळतायत."

पण पुढे पुढे वहिनीही बदलल्या. गॅलरीत दोनदा हाक मारली तर ढुंकून बघितलं नाही. हळदीकुंकवाला येईनात. बायकांच्या गप्पांत बसल्या तरी नुसत्या मान हलवायच्या. मी म्हटलं, अच्छा! नवऱ्याच्या गाडीवर बोलले ते झोंबलं वाटतं! मग मीही इरेला पेटले.

आमच्या जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी येणार, कोणाकडे सत्यनारायण, कोण गेलं, सगळं त्यावर लिहितात. अक्षर चांगलं म्हणून वीस वर्षं मीच लिहिते. मी खडू घेतला आणि ठसठशीत लिहिलं, 'वाडीत मोटारींच्या शर्यतीस सक्त मनाई आहे. कर्कश सायलेन्सर आठ दिवसांत काढावा. अन्यथा पोलिसांत अर्ज.' खाली बत्तीसपैकी सव्वीस खोल्यांनी सह्या केल्या.

मधूभाऊंनी चष्मा लावून फळा सह्यांसकट वाचला. मी वरून कठड्याला टेकून बघत होते. आता पिकअप निघणार, मग मी काय बोलणार, सगळं मनात तयार होतं. पण त्यांनी वर बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ठीक आहे, ताई. उद्या काढतो." मला जरा फसल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहा-दहाला गाडी आली ती कळलीच नाही. मला झोपही लागली नाही, ती गोष्ट वेगळी. म्हणून मी गॅलरीत कपडे काढायला आले. वहिनी त्यांच्या खोलीत दाराकडे पाठ करून गवार मोडत बसल्या होत्या. मधूभाऊ जिना चढून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आलो."

वहिनी गवार मोडत राहिल्या.

"कुंदा, आलो गं." ह्या वेळी मोठ्याने. मला ऐकू आलं, समोरच्या चाळीलाही आलं असेल. वहिनींनी मान उचलून घड्याळ बघितलं आणि पुन्हा गवारीला लागल्या. मधूभाऊ आत जाऊन खांद्याला हात लावतील म्हणून मी बघतेय, तर ते दारातच उभे. मग त्यांनी पाय उचलला आणि लाकडी जमिनीवर दण्णकन आपटला.

वहिनी दचकून वळल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "कधी आलात? अहो, चहा ठेवला नाही मी! हल्ली मला काय झालंय, तुम्ही आलेलं कळतच नाही..."

"मीच चोरपावलांनी आलो," मधूभाऊ हसत म्हणाले. "गंमत केली तुझी." आणि वळून बघतात तर माझ्या हातात कपड्यांचा गठ्ठा आणि मी उभी.

जिन्यात गाठून मी त्यांना धरलं. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील. हळूहळू जातंय." ते कठड्याकडे बघत होते. "हिची आई अशीच होती. घरात सगळे हसायचे तिला, ती आपली कोपऱ्यात बसून असायची. डॉक्टरांचं नाव काढलं तर ही दोन दिवस जेवली नाही. म्हणते, मला सगळं ऐकू येतं. मागून हात लावला तर किंचाळली, उकळतं भांडं हातातून पडलं. मग एकदा बघितलं, खालून ट्रक गेला की ही मान वर करते. पायाला कळतं तिच्या."

"आणि तो पंख? ते पट्टे?"

"नुसता सायलेन्सर बदलला असता तर तिला शंका आली असती, ताई. म्हणून आधी बाकीचं करून घेतलं. मला वेडा म्हणू दे."

"अहो मेल्या माणसा!" मी ओरडलेच. "मला सांगायला काय झालं होतं? भिंतीला भिंत आहे आपली! मी सव्वीस सह्या गोळा करत हिंडले!"

"वाडीला कळलं की तिला कळणार. हळूहळू तयार करतोय मी तिला कानाच्या मशीनसाठी. तोवर रोज चहा तरी तिने आपणहून ठेवावा." मग हात जोडून म्हणाले, "कोणाला सांगू नका."

रागाने माझे डोळे भरून आले. त्यांच्यावर का माझ्यावर, कोण जाणे. दोनदा हाक मारून ओ दिली नाही म्हणून मी त्या बाईशी महिनाभर अबोला धरला होता.

रविवारी सकाळी मी सगळ्यांदेखत फळा ओढणीने पुसला आणि लिहिलं, 'केळुसकरांच्या गाडीची सूचना रद्द. काढलेला सायलेन्सर पूर्ववत बसवावा.' वाडी माझ्या अंगावर आली. गाडगीळकाका म्हणाले, "शैला, डोकं ठिकाणावर आहे का? तूच ना सह्या घेतल्यास? आवाजाचं काय?"

खरं सांगायची सोय नव्हती. मी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हटलं, "प्रश्न आवाजाचा नाहीच मुळी, काका. प्रश्न पिकअपचा आहे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. बघू देत.

सोमवारी सहा-दहाला चाळ थरथरली. ताटं वाजली. मी ताडकन उठून बसले, मधूभाऊंना तोंडभर शिव्या दिल्या आणि तिसरं गुरगुरणं संपायच्या आत भिंतीपलीकडे लायटरची टकटक ऐकली. थोड्या वेळाने वहिनी अर्धा कप घेऊन दारात आल्या.

"झोपमोड झाली ना गं तुझी?"

मी उठून त्यांच्यासमोर गेले, तोंड उजेडाकडे केलं आणि सावकाश म्हटलं, "नाही हो वहिनी. जागीच होते."