भोयरकाकांचं परमिट

आमच्या शेजारच्या भोयरकाकांच्या घरी मिक्सरसुद्धा परमिटशिवाय फिरत नाही. काका जन्मभर खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. तिथे यंत्राला हात लावायचा तर आधी परवानगी, मग काम. रिटायर होऊन सक्करदऱ्याला आमच्या गल्लीत राहायला आले, पण सवय काही सुटली नाही. पंखा पुसायचा असला तरी स्विचवर लाल पाटी लटकते: 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' एकदा गिझरवरची पाटी काढायचं विसरले, तर ऐन थंडीत आलेले पाहुणे गार पाण्यानं अंघोळ करून कुडकुडत गेले. पाटी असताना बटण दाबायची कोणाची हिंमत!

मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, म्हणून गल्लीतली सगळी मशिनं माझ्याच गळ्यात. त्या रविवारी काका दारात.

"राजू, लॅपटॉपचं टचपॅड गेलं गा. अपडेट आलं अन् बाण जागचा हलूनच नाई राहिला."

"माउस लावा ना काका."

"माउस नाई पाहिजे! टचपॅडच पाहिजे. आजच."

असे खेकसले, जसा काही बिघाड मीच केला. पण चूक माझीच, मी बोलायला नको होतं. मागच्या वर्षी काकूंना लकवा झाला. वाचा गेली, हातापायांतलं बळ गेलं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं सरकतं. त्यांना माउस धरवत नाही, मोबाइलची बारकी अक्षरं त्या बोटाला सापडत नाहीत. म्हणून काकांनी लॅपटॉपच्या पडद्यावर मोठा कीबोर्ड लावून दिला. टचपॅडवर बोट सरकवत काकू एकेक अक्षर टिपायच्या. तेच त्यांचं बोलणं. बोलणं कसलं, बहुतेक रागावणंच. 'भाजी खारट.' 'टीव्ही बंद करा.'

"अपडेट आलं तवापासून एकटाच बडबडून राहिलो," जिना चढता चढता काका म्हणाले. "मले कोणी टोकत नाई. घर खायले उठते गा."

आत काकू छताकडे पाहत पडल्या होत्या. पडदे ओढलेले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद. मी माझा माउस जोडून बसलो. काका पाठीशी उभे.

"काय करून राहिला?"

"ड्रायव्हर बदलतोय."

"मोठ्यानं सांग. मी हाव म्हटलं की मंग दाबजो."

"टचपॅड चालवणारा प्रोग्रॅम, अपडेटनं आलेला नवा काढून जुना टाकतोय, काका!"

"हाव. टाक."

दर क्लिकला हेच. डोकं उठलं माझं. रीस्टार्ट म्हटल्यावर तर काकांचा चेहराच उतरला.

"चालतं युनिट बंद करतं काय?"

"काका, चालत नाही म्हणून तर आलो!"

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. मी टचपॅडवर बोट फिरवलं. बाण ढिम्म. सगळं पुन्हा केलं. ढिम्मच. काकूंनी एकदा मान वळवून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. आता दुकानात टाका, पार्ट मागवा, किती दिवस जातील कोण जाणे. तोवर या बाईनं नुसतं छत पाहायचं?

"काका, तुम्ही एखादं बटण तर दाबलं नव्हतं?"

"छ्या! मी काहून दाबू? फक्त आयसोलेट केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बिघडलेली मशीन आधी बंद करा लागते. वरच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं बटण आहे ना, त्यानं बंद केलं."

"अहो, मग चालू कोण करणार?"

"ज्यानं बंद केलं त्यानंच. पण काम पुरं झालं असं तू सांगितलंच कुठं?"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं!

"पुरं झालं काका! झालं काम पुरं!"

काकांनी बटण दाबलं. लॅपटॉप काकूंपाशी नेला, त्यांचा हात उचलून बोट टचपॅडवर टेकवलं.

"पाह्य वं, चालते काय."

बाण हलला. थरथरत एका अक्षरावर गेला, थांबला, दुसऱ्यावर गेला. किती वेळ लागला देव जाणे, पण शब्द जमले:

'राजूले चहा नाही दिला?'

"देतो ना वं, आत्ता देतो," काका म्हणाले, पण जागचे हलेनात. डोळे घळाघळा वाहत होते. मग माझा खांदा गच्च धरून म्हणाले,

"पाहिलं काय गा राजू? माह्यावर रागावली."