उडालेली फांदी

आमच्या त्या जुन्या निळ्या टाईल्स बनवणारा आता जगात मी एकटाच उरलोय. (म्हणजे माती मी मळतो आणि पांढरा लेप मी देतो. चित्र बायको काढते. चित्राशिवाय टाईल म्हणजे नुसती चपटी वीट, हे तिचं मत. माझंही तेच आहे, फक्त मी ते बोलून दाखवत नाही.)

कारखाना बंद पडून जमाना झाला. पण जुन्या नाट्यगृहाची डागडुजी निघाली. तिथल्या भिंतीवर आमच्याच टाईल्स, निम्म्या फुटलेल्या. म्हणून इंजिनीयर बाई पत्ता विचारत दारात आल्या. चष्मा एवढा मोठा, की दोन्ही डोळ्यांना स्वतंत्र खोल्या मिळाल्यासारख्या.

"सगळ्या होत्या तशाच हव्यात आजोबा," त्या फोटो दाखवत म्हणाल्या. "आणि ही तर खास."

फांदीवर बसलेला पक्षी. बाकीच्या टाईल्सवर फांदी सरळ; हिच्यावर मात्र मध्येच टुणकन उडी मारून वर गेलेली.

"ती चुकली होती," बायको पुटपुटली.

"मग चुकलेलीच हवी आजी."

ती कशी चुकली ते मला पक्कं ठाऊक. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. कारखान्यात ती रंगाच्या टेबलावर, मी माती वाहणारा. एकदा तिच्यासमोर उभं राहून मी मुकादमाची नक्कल केली. पोट पुढे, हात मागे, बोलणं नाकातून. ती फिसकन हसली आणि कुंचला उडाला. कच्च्या लेपावर रंग टेकला की आत मुरतो, खोडायची सोय नाही. त्या हसण्यावर तर मी लग्न केलं! हल्ली ते घरात फिरकत नाही. माझे विनोद तिला तोंडपाठ. मी सुरुवात केली की ती शेवट सांगून भांडी घासायला जाते.

तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम सुरू झालं. सरळ फांद्या झरझर उतरल्या. चुकलेली काही केल्या चुकेना. शेवटी तिने हात मुद्दाम सैल सोडला. रेघ थरथरली.

"हे नव्हे," टाईल बाजूला सारत ती म्हणाली. "हे म्हातारपण आहे. ते हसू होतं."

आता मला राहवेना. (टाईल गेली खड्ड्यात. मला ते हसू पुन्हा एकदा ऐकायचं होतं. पण या वयात असलं काही बायकोला सांगायचं म्हणजे ती आधी कपाळाला हात लावून ताप बघते.) मी पोटावर उशी बांधली, हात मागे घेतले आणि नाकातून ओरडलो, "ए पोरी, लक्ष कुठंय?"

"गुडघा सांभाळा," ती म्हणाली. मान वर न करता.

मी झाडूच्या काड्यांची मिशी लावली.

"झाडू जागेवर ठेवा."

काम बघायला आलेल्या इंजिनीयर बाई मात्र पोट धरून हसत होत्या. पण कुंचला त्यांच्या हातात नव्हता, त्याला मी काय करू?

मग मी मुकादमाची ती खास चाल काढली. ऐटीत मागे मागे सरकत गेलो, तो लेपाच्या घमेल्याला पाय अडखळला आणि मी त्यात बसलो. बसलो म्हणजे फतकल मारली. उशी सुटून तोंडावर आली. उठायला गेलो, तर घमेलंही माझ्याबरोबर उठलं.

फिसकन आवाज झाला.

तोच. जरासा घोगरा, पण तोच. मी उठायचा बेत रद्द केला. लेप गारढोण होता, आत कुठे कुठे शिरत होता, तरी मी डोळे मिटून तसाच बसून राहिलो.

इंजिनीयर बाईंनी टाईलशेजारी फोटो धरला. फांदी तश्शीच उडाली होती.

"आजी, जमली!"

मी पांढऱ्याफटक पाटलोणीनिशी उभा राहिलो. छाती फुगवून म्हणालो, "बघितलंस? तेव्हाही मीच हसवलं, आताही मीच!"

बायको मनगटाने डोळे पुसत होती. "तेव्हा? अहो, तेव्हा तुमच्या नकलेला कोण हसलं होतं? तुमच्या मागे मुकादम येऊन उभा होता. तो तुमची नक्कल करत होता, आणि त्याची फारच छान जमली होती!"